३६ इंचांचं चाक आणि २३ मिलिमीटर

माझ्या युनिसायकलच्या डाव्या क्रँकमधून (पेडल चाकाला जोडणाऱ्या दांड्यातून) आवाज यायला लागला तेव्हा मी आधी पेडलवर संशय घेतला. दर फेरीला एकदा, पाय खाली जाऊन परत वर यायला लागतो नेमक्या त्या क्षणी, कट्. सपाटीवर नाही, फक्त चढावर. पेडल काढून ग्रीस लावलं, सीटचा क्लॅम्प आवळला, बुटाची नाडी क्रँकवर आपटतेय का तेही पाहिलं, तरी कट्. खरं तर युनिसायकलवर आवाज शोधणं सोपं असायला हवं, कारण भाग असतात तरी किती, एक चाक, एक फ्रेम, सीट, दोन क्रँक, दोन पेडल, झालं. चेन नाही, गिअर नाही, फ्रीव्हील नाही. तरी मला तीन आठवडे लागले आणि शेवटी कळलं की क्रँकच हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, ॲक्सलवर हलतोय. अगदी केसाएवढा, पण हलतोय.

माझी युनिसायकल ३६ इंची आहे. ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, चाकाचा वरचा काठ माझ्या कमरेच्या जवळपास येतो आणि सीट त्याच्याही वर. सर्कसमध्ये दिसते ती २० इंची एकचाकी जागच्या जागी फिरायला, कसरती करायला. ही लांब जायला. चाक एकदा फिरलं की तुम्ही साधारण २.८७ मीटर पुढे जाता आणि चाक एकदा फिरायला पायही एकदाच फिरतो, कमी नाही, जास्त नाही. साध्या दोनचाकी सायकलवर जरा मोठा गिअर टाकला की पायाच्या एका फेरीत सहा मीटर सहज निघतात, इथे तो हिशोब चाकाच्या मापानेच कायमचा ठरवून टाकलाय. मिनिटाला ६० फेऱ्या म्हणजे ताशी १० किलोमीटरच्या थोडं वर, १०० फेऱ्या म्हणजे १७ च्या थोडं वर. याहून जोरात जायचं तर पाय आणखी जोरात फिरवा, दुसरा मार्गच नाही. आणि थांबायचं तर त्याच पायांनी चाकाला मागे रेटा.

म्हणून या वाहनात 'अपग्रेड' हा शब्द मला थोडा वेगळा लागतो. सायकलला नवा गिअर लावला तर तो गिअर काम करतो. इथे काहीही बदललं तरी ते थेट पायात येतं, मधे कुणीच नसतं.

तर तो सैल क्रँक. जुन्या हबचा ॲक्सल चौकोनी, टोकाला निमुळता होत जाणारा. त्यावर ॲल्युमिनियमचा क्रँक दाबून बसवायचा आणि बोल्टने आवळायचा. सायकलवर ही पद्धत वर्षानुवर्षं निमूट चालते कारण तिथे जोर बहुतेक एकाच दिशेने असतो, पुढे. युनिसायकलवर मात्र तुम्ही पुढेही रेटता आणि मागेही, तोल सांभाळायला दर क्षणी थोडं पुढे थोडं मागे चालूच असतं, उतारावर तर सलग मागेच. असा दोन्हीकडून हिसके खाणारा चौकोनी जोड एकदा जरा सैल झाला आणि तुम्ही तसंच चालवत राहिलात (मी तीन आठवडे चालवलं) की पोलादी ॲक्सल मऊ ॲल्युमिनियमचं भोक आतून खात जातो. मग कितीही आवळा, दोन दिवसांत परत कट्. क्रँक काढला तेव्हा भोकाचे कोपरे गोल झालेले स्पष्ट दिसत होते.

नुसता क्रँक बदलता आला असता. पण मी ते चाक काढून भिंतीला टेकवलं, बाजूने बघितलं आणि बरंच काही मनात आलं जे कितीतरी दिवस येत होतं.

मला कायम वाटायचं की मी डुलते. वेग वाढला की चाक माझ्या खाली डावी-उजवीकडे लटलटायला लागायचं, प्रत्येक पेडलच्या दाबाबरोबर. मी ते माझ्या अंगावर घेतलं होतं, माझा पाय गोल फिरत नाही, मी ठोकते, माझं सीटवर वजन नीट पडत नाही वगैरे. आणि यातलं काही खरं होतंच. पण चाक भिंतीला टेकवून रिमला हाताने बाजूने दाबलं तर ते चक्क वाकलं, अंगठ्याच्या जोराने. स्पोक ढिले होते, काही तर दोन बोटांत धरले की लोंबल्यासारखे. मोठ्या चाकाची ही जन्मजात अडचण आहे. स्पोक साडेतीनशे मिलिमीटरहून लांब, आणि हबच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या मात्र एकमेकींच्या जवळ, त्यामुळे स्पोक रिमकडे जाताना जवळजवळ सरळ उभेच जातात. तंबूच्या दोऱ्या खांबाच्या अगदी बुंध्याशी बांधल्या तर खांब जसा बाजूला झुकेल, तसं. लहान चाकात त्याच रुंदीच्या हबवर स्पोक आखूड म्हणून कोन चांगला मिळतो, इथे नाही. म्हणजे मी डुलत होते हे खरं, पण चाकही माझ्याबरोबर डुलत होतं, आणि दोघांपैकी कोण किती, हे मला इतकी वर्षं कळायला काही मार्गच नव्हता.

चाकाबद्दल विचार करायला लागलं की माणूस मागे मागे जात राहतो. पायाची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी हा हिशोब काही युनिसायकलचा शोध नाही, १९ व्या शतकातल्या त्या पुढे भलं मोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेल्या सायकली अशाच होत्या. चेन येण्याआधी वेग वाढवायचा एकच उपाय होता, चाक मोठं करा, जितके लांब तुमचे पाय तितकं मोठं चाक. थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून असल्याच ५० इंची चाकावर निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरमध्ये योकोहामाला पोचला, जगाची फेरी करून. मधल्या समुद्रांवर अर्थात जहाज, बाकी बहुतेक त्याचं चाक आणि त्याचे पाय. आणि स्पोक तिरपे, एकमेकांना ओलांडत जाणारे भरायची पद्धत जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये पेटंट केली. त्याचं कारण कळल्यावर मला फार आनंद झाला होता. हबमधून सरळ बाहेर निघालेले स्पोक वजन पेलतात, पण पेडल दाबून हब पिळलं तर त्या पिळाला धरून ठेवायला त्यांच्याकडे काही नसतं, हब आधी थोडं फिरतं आणि रिम मागून येते. तिरपे भरले तर अर्धे स्पोक पुढच्या ओढीला धरतात, अर्धे मागच्या. सायकलच्या मागच्या चाकात पुढच्या ओढीचेच कष्ट जास्त. युनिसायकलमध्ये दोन्ही टोळ्या आलटून पालटून राबतात, तो शोध जणू आमच्यासाठीच लागला असावा असं मला वाटतं.

पुढे १८८५ मध्ये त्याच स्टार्लीच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, चेनवाली रोव्हर सायकल आणली आणि मोठ्या चाकाची गरज संपली. मग शंभरेक वर्षांनी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, जुन्या मोटारींसाठी टायर बनवणाऱ्या कोकर या अमेरिकन कंपनीने ३६ इंची टायर आणि त्यावरची युनिसायकल काढली आणि लांब पल्ल्याचं एकचाकीवेड खऱ्या अर्थाने सुरू झालं. अजूनही जुने लोक कुठल्याही कंपनीच्या ३६ इंचीला 'कोकर'च म्हणतात. २००७ मध्ये सॅम वेकलिंग या युनिसायकलस्वाराने २४ तासांत ४५३.६ किलोमीटर कापले. २००८ मध्ये कॅनडात नोव्हा स्कोशियाला ८०० किलोमीटरची युनिसायकल रिले शर्यत झाली. एड प्रॅट हा इंग्लंडचा तरुण २०१५ ते २०१८ ३६ इंचीवर जगभर फिरून आला, सामान चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवून. हे सगळं मी वाचत होते तेव्हा माझं स्वतःचं चाक भिंतीला टेकून पडलं होतं आणि महिनाभर मी बसलेच नव्हते.

शेवटी ठरलं, क्रँक नाही, पूर्ण चाक. नवं हब, नवी रिम, नवे स्पोक, आणि अर्थात नवे क्रँक कारण नवं हब चौकोनी नव्हतं. त्याच्या ॲक्सलच्या टोकांना दहा खाचा असतात, त्याला आयसिस म्हणतात, क्रँकच्या भोकात तशाच दहा खाचा. दहा जागी पकड असल्यामुळे ते पुढे-मागे हिसक्यांना हलत नाही. हबच्या चकत्या जुन्यापेक्षा बऱ्याच लांब लांब होत्या, पण बेअरिंगमधलं अंतर फ्रेमला चालणारं, १०० मिलिमीटर, हे आधी मोजून घेतलं. फ्रेमबाबत मी सुदैवी ठरले. जुन्या हबचं बेअरिंग बाहेरून ४० मिलिमीटरचं आणि फ्रेमच्या खोबणीत जागा ४२ ची, म्हणून मधे एक पातळ रिंग घातलेली होती. नव्या ॲक्सलचं बेअरिंगच ४२ चं. रिंग काढली आणि ते असं बसलं की जणू फ्रेम त्याचीच वाट बघत होती. ज्यांची फ्रेम ४० चीच असते त्यांना इथे फ्रेमसुद्धा बदलावी लागते, तेव्हा कुणी असलं काही करणार असाल तर सगळ्यात आधी हे माप घ्या, रिमचा रंग नंतर निवडा.

चाक माझ्या एका मित्राने बांधलं, म्हणजे मी बांधलं आणि तो शेजारी बसून राहिला. तो अनेक वर्षं चाकं बांधतोय. मी म्हटलं तूच बांध ना, मी बघते. तर म्हणाला, "अगं, बघून काय कळणार. हात लाव." दोन संध्याकाळी लागल्या.

३६ स्पोक. आधी एका बाजूचे नऊ, मग त्याच्या उलट बाजूचे नऊ, मग हब पिळायचं आणि उरलेले १८ दोन स्पोकांवरून आणि तिसऱ्याच्या खालून काढत रिमपर्यंत न्यायचे. एवढे लांब स्पोक हातात घेतले की ते थरथरत असतात, एकाला हात लावला की चार हलतात. पहिल्या संध्याकाळी मी एक स्पोक चुकीच्या भोकात घातला आणि ते पुढे अकरा स्पोक भरून झाल्यावर लक्षात आलं. सगळे काढले. मित्र काही बोलला नाही, नुसती निपलची (स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटांची) वाटी माझ्याकडे सरकवली.

दुसरी संध्याकाळ आवळण्याची. यात घाई केली की संपलं. सगळ्या निपल आधी सारख्याच आट्यांपर्यंत आणायच्या, मग प्रत्येकीला अर्धा फेरा, पूर्ण चाकभर, मग परत अर्धा, मग पाव. मधे मधे चाक फिरवून आऊट काढायचा, बाजूचा आऊट आणि वर-खालीचाही. युनिसायकलचं चाक एका गोष्टीत सायकलच्या मागच्या चाकापेक्षा सुखाचं, रिम हबच्या बरोबर मधोमध असते, एका बाजूला गिअरची चकती नसल्यामुळे दोन्हीकडचे स्पोक सारख्याच ताणाचे असायला हवेत. त्यामुळे कानावर विसंबता येतं. नखाने प्रत्येक स्पोक छेडायचा आणि शेजारच्याशी सूर जुळतो का बघायचं, तानपुरा जुळवावा तसं. एक ढिला असला की लगेच ऐकू येतो, खालचा, मळकट आवाज. माझं जुनं चाक असं छेडलं असतं तर त्यातून काय काय निघालं असतं कोण जाणे.

तिथेच मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. मी आजवर समजत होते की माझं वजन वरच्या स्पोकांना लटकलेलं असतं. मित्राने विचारलं, तू बसलीस की कुठल्या स्पोकचा ताण सगळ्यात जास्त बदलतो? मी म्हटलं वरच्या. तो म्हणाला नाही, खालच्या, आणि वाढत नाही, कमी होतो. रिम जमिनीपाशी किंचित चपटी होते आणि तिथले दोन-चार स्पोक ढिले पडतात, बाकीच्यांना जवळपास पत्ताच नसतो. म्हणजे प्रत्येक स्पोक दर फेरीला एकदा ढिला पडतो आणि परत ताणला जातो. मुळात ताण कमी असेल तर खाली आल्यावर तो पार लोंबतो, आणि लोंबलेल्या स्पोकची निपल हळूहळू आपोआप सुटत जाते. जुन्या चाकाचं नेमकं हेच झालं होतं. ढिलं म्हणून सुटत गेलं, सुटलं म्हणून आणखी ढिलं. आणि मी त्यावर बसून माझ्या पायांना दोष देत होते.

चाक फ्रेममध्ये बसवताना दोन गोष्टी. बेअरिंगच्या झाकणांचे बोल्ट गच्च आवळायचे नाहीत, बेअरिंग चेपतं आणि चाक जड फिरतं, बेताने आवळून मग हाताने फिरवून बघायचं, बराच वेळ फिरत राहिलं पाहिजे. दुसरी, डावं-उजवं. युनिसायकलचं चाक उलटं बसवता येतं, फ्रेमला काही फरक पडत नाही, दिसतंही सारखंच. पण पेडलला पडतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात ते काही उगाच नाही. क्रँक फिरत असताना पेडलचा दांडा भोकात किंचित लोळत असतो आणि आटे अशा दिशेने ठेवलेले असतात की त्या लोळण्याने पेडल सुटत जाऊ नये. चाक उलटं बसवलं की तेच लोळणं पेडल सोडवत नेतं. फार वर्षांपूर्वी पहिल्या २४ इंची युनिसायकलवर मी असं आठवडाभर चालवलं होतं आणि एका वळणावर पेडल पायाखालून निघून गेलं, क्रँकचे आटे घेऊन. तेव्हापासून मी बसण्याआधी क्रँकवरचं अक्षर बघते. प्रत्येक वेळी, अजूनही.

पहिल्यांदा बसले तेव्हा चाकातून टिंग टिंग आवाज आले, आवळताना पिळले गेलेले स्पोक भार पडल्यावर सुटतात त्याचे. पाच मिनिटांत थांबले. मग मी निघाले आणि, खरं सांगते, माझी निराशा झाली.

चाक सरळ जात होतं, यात शंका नाही. लटलट नव्हती. पण मला ते जे काही 'वाटायला' हवं होतं ते वाटत नव्हतं. सगळे सांगत होते हलकं चाक म्हणजे पंख. मला पंख नव्हते. उलट चढावर जरा जडच गेलं आणि एका छोट्या खड्ड्यात मी सरळ पुढे उतरले. आम्ही त्याला यूपीडी म्हणतो, न ठरवता झालेलं उतरणं.

इथे मला क्रँकबद्दल सांगायला हवं. जुने क्रँक १५० मिलिमीटरचे होते. नवे मी दोन भोकांचे घेतले होते, एकाच क्रँकवर एक भोक १२७ ला आणि एक १५० ला, पेडल कुठेही लावा. आणि अर्थातच पहिल्याच दिवशी मी १२७ ला लावले, कारण वेगाच्या गप्पा मारणारे सगळे लहान क्रँकच्याच गप्पा मारतात. हिशोब असा की १५० च्या क्रँकवर पाय एका फेरीत ९४ सेंटिमीटरचं वर्तुळ काढतो, १२७ वर ८० सेंटिमीटरचं. तेवढ्याच फेऱ्यांना पाय कमी धावतात, त्यामुळे जास्त फेऱ्या जमतात. पण तरफ आखूड होते. ३६ इंची चाकाची त्रिज्या ४५७ मिलिमीटर, क्रँक १५०, म्हणजे तुम्ही आधीच तिप्पट नुकसानीत आहात, १२७ ला ते ३.६ पट होतं. तेच काम करायला १८ टक्के जास्त जोर.

मग एका रात्री मी जुनी रिम, तिची पट्टी आणि जुनी ट्यूब घरच्या काट्यावर ठेवली, मग नव्यांची वजनं मांडली. टायर तोच ठेवला होता. टायर धरून कडेचं वजन आधी ४.८ किलो होतं, आता ३.९. हे वजन कडेला असतं म्हणून दोनदा मोजायचं, एकदा ते पुढे न्यायचं म्हणून आणि एकदा ते फिरवायचं म्हणून. सायकलवाल्यालाही हे लागू आहे पण तो एकदा वेग पकडतो आणि बसतो. आम्ही मात्र सतत चाकाचा वेग थोडा वाढवत थोडा कमी करत असतो, तोल म्हणजे दुसरं काय, चाक परत आपल्या खाली आणणं. म्हणजे कडेची प्रत्येक किलो आम्ही दिवसभर उचलत असतो. तर ती १९ टक्के कमी झाली. आणि क्रँक लहान केल्यामुळे लागणारा जोर १८ टक्के वाढला. दोन्ही गुणून बघितलं तर उत्तर आलं जवळजवळ एक. मी एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने देऊन टाकलं होतं, आणि म्हणून चाक सरळ जात असूनही पायांना काहीच नवं कळत नव्हतं. चढावर तर नुसतं नुकसान, कारण तिथे उचलायचं ते मुख्यतः माझं वजन आणि ते काही १९ टक्के कमी झालेलं नव्हतं.

मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन्ही एकदम बदललंस, आता कुठल्याचं काय झालं ते कसं सांगणार? मोठ्या भोकात लाव आणि महिनाभर तसंच चालव."

पेडल १५० ला लावले. आणि तेव्हा कळलं. पहिल्या शंभर मीटरमध्ये मी दोनदा जास्तच दुरुस्ती केली, म्हणजे चाक मी मागितलं त्यापेक्षा पुढे गेलं. माझे पाय जड चाकाला हलवायला जेवढा रेटा लागतो तेवढा देत होते, त्यांना तेच माहीत होतं. हलकं चाक लगेच ऐकत होतं, आणि मला ऐकणाऱ्या चाकाशी बोलायची सवय नव्हती. आठवडाभर मी प्रत्येक वेळी थोडी जास्त बोलत राहिले. मग पायांचा आवाज आपोआप खाली आला. त्या महिन्यात मी जे शिकले ते मला आधीच्या तीन-चार वर्षांत जमलं नव्हतं, अगदी हळू चालवणं, चालत्या माणसाच्या वेगाने, क्रँक उभे येतात त्या मेल्या जागेतून न धडपडता पलीकडे जाणं.

आणि तिथेच जुन्या चाकाचंही एक ऋण लक्षात आलं. क्रँक उभे असतात तेव्हा पायांच्या हातात काहीच नसतं, खालचा पाय सरळ खाली दाबतोय, वरचा सरळ खाली, पिळ शून्य. तेव्हा तुम्हाला पलीकडे नेतो तो चाकाचा वेग. जड चाक ते काम मुकाट्याने करायचं. खडबडीत रस्त्यावर, छोट्या दगडावर, जिथे मी 'मला जमतं' असं समजत होते, तिथे बऱ्याचदा ते चाकच मला ओढून नेत होतं. म्हणजे डुलण्याचा दोष मी उगाच घेतला होता आणि दगडांवरून जाण्याचं श्रेयही उगाचच. दोन्ही हिशोब एकदम दुरुस्त झाले. हे कळल्यावर मला वाईट नाही वाटलं, हलकं वाटलं.

महिन्याने पेडल परत १२७ ला. या वेळी सीटही वर घेतली, जी पहिल्यांदा मी विसरले होते आणि ती चूक लहान नव्हती. क्रँक २३ मिलिमीटर आखूड झाला की खालचं पेडल २३ मिलिमीटर वर येतं, म्हणजे सीट तेवढीच वर हवी. वरचं पेडल मात्र २३ खाली येतं. सीट वर, पेडल खाली, म्हणजे वरच्या बाजूला गुडघ्याला एकूण ४६ मिलिमीटर मोकळी जागा मिळते. जवळजवळ दोन इंच. माझ्या उजव्या गुडघ्याच्या पुढच्या बाजूला लांब रपेटीनंतर एक दुखणं राहायचं, ते तेवढ्याने गेलं. सगळ्यांचं जाईल असं मी म्हणणार नाही, गुडघे सगळ्यांचे वेगळे, पण माझं गेलं. बदल्यात चढून बसणं अवघड झालं कारण सीट आणखी उंच. पेडलवर पाय ठेवून उडी, या प्रकाराची मला परत आठवडाभर तालीम करावी लागली, रोज २० वेळा, अर्ध्याहून जास्त वेळा परत जमिनीवर.

आणि मग ती संध्याकाळ, मोकळा सपाट रस्ता, वारा मागून, आणि पाय फिरायला लागले. फिरवायला नाही लागले, फिरायला लागले. वर्तुळ इतकं लहान की मांड्या जवळजवळ शांत, नितंब सीटवर स्थिर, चाक सरळ रेषेत, आणि खालून टायरचा तो मोठ्या चाकाचा खोल घुंईईई आवाज. किती वेग होता मला माहीत नाही, मी मोजायचं साधन लावलेलं नव्हतं आणि अजूनही लावलं नाही. नवा ताणलेला स्पोक, रुंद हब, आणि क्रँक जे फ्रेमपासून फार बाहेर पसरत नाहीत (पेडल जितकं बाहेर तितकं प्रत्येक दाबाला चाक त्या बाजूला वळतं, याकडेही लोक लक्ष देत नाहीत), या सगळ्याचं मिळून ते होतं. पण त्यात तो १५० वरचा एक महिनाही होता. तो नसता तर मी ते चाक पहिल्या आठवड्यात विकायला काढलं असतं असं मला खरंच वाटतं.

आता लोक विचारतात की मग पुढचं काय, गिअरचं हब? असतं ते. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फने बनवलेलं, ॲक्सलच्या टोकाला एक बटण, चालवता चालवता टाचेने दाबायचं की चाक पायाच्या साधारण दीडपट फिरायला लागतं, म्हणजे ३६ चं चाक त्याहून बरंच मोठं असल्यासारखं चालतं. मी एकदा दुसऱ्याच्या युनिसायकलवर बसून बघितलंय. विलक्षण गोष्ट आहे, बनवणाऱ्याला मनापासून नमस्कार. पण वरच्या गिअरमध्ये पायाला एक अगदी बारीक मोकळीक जाणवत होती, पाऊल आणि रस्ता यांच्यात कुणीतरी तिसरं आल्यासारखी, आणि माझा जीव त्या थेटपणावरच आहे. ब्रेक मात्र घेणार. लहान क्रँकवर लांब उतार पायांनी रोखून धरणं हे गुडघ्यांवर अन्याय आहे, तिथे मला काहीच सिद्ध करायचं नाहीये.

सीटच्या दांड्यावर मी दोन पट्ट्या चिकटवल्यात, २३ मिलिमीटरच्या अंतरावर. सपाटीचा बेत असेल तर खालची पट्टी क्लॅम्पशी, पेडल १२७ ला. डोंगराचा असेल तर वरची, पेडल १५० ला. उद्या डोंगर आहे. म्हणून आत्ता फरशीवर बसून पेडल बदलतेय, उजवं सुटलं, डावं उलट्या आट्यांचं म्हणून पाना घड्याळाच्या दिशेने. मधे हात आपसूक स्पोकांवर गेला आणि एकेक छेडत गेले. व्हॉल्व्हच्या डावीकडचा तिसरा किंचित उतरलाय. पाव फेरा.